डिझेल इंजिनाच्या पंपाची गळती व तिचे निदान

कोयनानगरच्या वाचकांपुढे डिझेलच्या इंजिनाविषयी लेख ठेवावा, हे कित्येकांस विचित्र वाटेल. ज्या कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॅट वीज निर्माण करण्याची योजना उभी आहे, तिच्याच काठी तेलाच्या इंजिनाची मातब्बरी ती काय? परंतु दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण आपल्या भागाइतकी दुसरीकडे क्वचितच पटत असेल. आषाढात वादळी पावसाने तारांवर झाडे पडली म्हणजे डोंगरावरील वाड्यावस्त्या अंधारात बुडतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे येथे भूकंप झाला, तेव्हा तर वीजपुरवठाच खंडित झाला होता. अशा वेळी दवाखान्यातील दिवा, पिठाची गिरणी, ओढ्यावरचा उपसा पंप ह्यांस आधार राहतो तो डिझेलच्या इंजिनाचा. आणि सातारा व सांगली हे तर इंजिनांच्या व पंपांच्या धंद्याचे जुने माहेरघर आहे. साताऱ्यास कूपर यांचा कारखाना १९२२ साली निघाला. त्यापूर्वी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली होती. तेव्हा ह्या यंत्राची थोडी ओळख आमच्या विद्यार्थ्यांस असावी, हे अनाठायी नाही.

आज आम्ही संपूर्ण इंजिनाचे वर्णन करणार नाही. एकच लहानसा प्रश्न घेऊ. मालकाने स्वतःच पाना हाती घेऊन पंपाची जुळणी बदलली आणि त्यानंतर पंपातून डिझेल झिरपू लागले. हे का झाले व ते कसे शोधावे?

प्रथम हा पंप करतो काय, ते पाहू. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्याने आपले इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखविले. (१९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविले गेले, ही गोष्ट आमच्या शेतकरी वाचकांस गमतीची वाटेल.) ह्या इंजिनात ठिणगी नसते. नळकांड्यातील हवा तिच्या मूळ आकाराच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांहून अधिक तापते, आणि तशा तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. फवारा उडविणे हे नॉझलचे काम, आणि नॉझलला दाबाने तेल पुरविणे हे पंपाचे. हा दाब किती म्हणाल, तर शेतीच्या पुष्कळशा इंजिनांत दर चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोग्रॅमच्या आसपास. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोनअडीच किलोग्रॅम असतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल.

इतका दाब धरून ठेवण्यास पंपाच्या आत रबर किंवा चामडे लावलेले असेल, अशी कोणाचीही कल्पना होईल. पण तसे काही नसते. पोलादाच्या एका लहान नळीत पोलादाचाच एक दट्ट्या वरखाली होतो. ह्या जोडीस कारागीर ‘इलिमेंट’ म्हणतात. दोहोंमध्ये फट असते ती एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोनतीन पटींइतकी. माणसाचा केस ह्या फटीच्या वीसपंचवीस पट जाड असतो. ही जोडी एकमेकांवर घासून जुळविलेली असल्याने एका पंपाचा दट्ट्या दुसऱ्या पंपाच्या नळीत चालत नाही. दट्ट्यावर एक तिरकस खाच कोरलेली असते. बाजूचा दातेरी दांडा सरकला म्हणजे दट्ट्या किंचित फिरतो, खाचेची जागा बदलते, आणि दर खेपेस जाणारे तेल कमीजास्त होते. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर हाच दांडा हलवीत असतो. दट्ट्याच्या वर ‘डिलिव्हरी व्हॉल्व’ बसविलेला असतो व तो एका आट्याच्या टोपणाने, खाली वॉशर ठेवून, आवळलेला असतो. त्याच टोपणावर नॉझलकडे जाणारी जाड पोलादी नळी नटाने जोडतात.

आता मालक ह्यात हात घालतो तो बहुधा एकाच तक्रारीवरून: इंजिन पूर्वीसारखे ओढत नाही. मग कोणी तेलाची कमाल मर्यादा ठरविणारा स्क्रू फिरवितो. कोणी गव्हर्नरची स्प्रिंग ताणतो. कोणी पंपाच्या बुडाखालील पातळ पत्रे काढून टायमिंग पुढे आणतो. तेल वाढले की जोर वाढेल, हा त्यामागील तर्क. तर्क दिसण्यात बरोबर आहे, पण अर्धाच. तेल जळण्यास हवा लागते, आणि हवा काही स्क्रू फिरवून वाढत नाही. शिवसागर जलाशय पूर्ण भरला असता त्याची पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यापेक्षा येथील हवा मुळातच सहासात टक्क्यांनी विरळ. त्यात हवेची जाळी धुळीने वा गिरणीच्या पिठाने तुंबलेली असली तर विचारूच नये. अशा इंजिनास अधिक तेल पाजले म्हणजे ते जोरापेक्षा काळा धूरच अधिक देते. आमच्या मते जोर कमी झाल्याच्या दहा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी जाळी धुतल्याने व नॉझल साफ करून घेतल्याने मिटण्यासारख्या असतात. पण जाळी धुण्यात चातुर्य दिसत नाही, स्क्रू फिरविण्यात दिसते!

असो. जुळणी बदलली आणि दुसऱ्या दिवशी पंप ओला दिसला. येथे न्यायशास्त्रातील काकतालीय न्यायाची आठवण ठेवावी. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्याच्या भारानेच ती मोडली असे होत नाही. स्क्रू फिरविल्याने वॉशर फाटत नाही. परंतु स्क्रूपर्यंत पोहोचण्यासाठी जी नळी सोडली, तिच्यामुळे गळती लागू शकते. म्हणून ‘मी काय बदलले’ एवढेच न विचारता ‘ते बदलताना कशाकशास हात लागला’ हे विचारले पाहिजे. आणि गळती आधीपासूनच असून धुळीच्या थराखाली दडलेली होती, पंप पुसल्यामुळे ती प्रथमच दिसली, असेही पुष्कळदा निघते.

गळतीचे मूळ शोधण्याची रीत सोपी आहे. डिझेल खाली ओघळते व पातळ असल्याने सगळीकडे पसरते; त्यामुळे थेंब पडतो ती जागा गळतीची असते असे नव्हे. इंजिन थंड असता पंप व नळ्या ब्रशाने धुऊन फडक्याने अगदी कोरड्या कराव्या. मग फळ्यावर लिहिण्याच्या खडूची बारीक पूड त्यांवर भुरभुरावी. ओल आली की पांढरी पूड तेथेच काळवंडते, आणि सर्वांत वरचा डाग हेच मूळ होय. प्रथम इंजिन न फिरविता टाकीची तोटी मात्र उघडावी व दहा मिनिटे थांबावे. एवढ्यानेच डाग पडला तर गळती कमी दाबाच्या बाजूची, म्हणजे टाकी, गाळणी किंवा पंपात तेल आणणाऱ्या नळीच्या सांध्याची समजावी; दोन वॉशर बदलले की काम होते. डाग पडला नाही, तर डिकॉम्प्रेशनचा दांडा उचलून हँडलने इंजिन काही वेळा फिरवावे. आता डाग पडल्यास गळती जास्त दाबाच्या बाजूची ठरते. ह्याप्रमाणे दोनच पायऱ्यांत अर्धा संशय दूर होतो.

जास्त दाबाच्या बाजूस सर्वांत अधिक वेळा सापडणारे कारण सांगतो, कारण ते घरगुती जुळणीतूनच उद्भवते. नॉझलकडे जाणारी नळी सोडताना एकच पाना लावला, तर नटाबरोबर खालचे डिलिव्हरी व्हॉल्वचे टोपणही थोडे सैल होते. डोळ्यांस ते दिसत नाही. नळी पुन्हा आवळली तरी टोपण तसेच राहते आणि त्याच्या आट्यांतून तेल वर येते. मालकास वाटते, नळीचा नट गळतो. तो नट आणखी आवळीत जातो, आणि शेवटी नळीचे निमुळते तोंड चेचून दुसरी गळती निर्माण करतो. म्हणून नळी सोडताना नेहमी दोन पाने घ्यावे. एकाने टोपण धरावे, दुसऱ्याने नट सोडावा. टोपण सैल झालेलेच असेल, तर जुना वॉशर पुन्हा न वापरता नवा घालावा व इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच ते आवळावे. हाताला येईल तितका जोर लावणे येथे घातक आहे. टोपण फाजील आवळले गेले तर त्याखालील नळी किंचित दबते, केसाहून कितीतरी बारीक असलेली ती फट नाहीशी होते आणि दट्ट्या किंवा दातेरी दांडा अडकतो. दांडा भरपूर तेलाच्या जागी अडकला तर गव्हर्नरची सत्ता संपली. इंजिन बेफाम पळू लागते.

पत्रे कमीजास्त केल्यावर होणारी गळती निराळ्या जातीची. पंप एकदोन पत्र्यांनी वरखाली झाला म्हणजे पोलादी नळी पूर्वीच्या जागी सरळ बसत नाही. ती ओढूनताणून बसविली तर ताणामुळे सांधा गळतो, आणि काही दिवसांनी नळीस तडाही जातो. नळीची दोन्ही टोके सोडून ती आपोआप बसते की नाही ते पाहावे, मग दोन्ही नट हाताने लावून शेवटी पान्याने आवळावे.

ह्याखेरीज एक गळती अशी आहे की ती खडूच्या पुडीस सापडत नाही. उघड्यावर, धुळीत पंप खोलला असता वाळूचा एखादा कण इलिमेंटमध्ये जातो आणि दट्ट्यास ओरखडा पाडतो. मग तेल दट्ट्याच्या कडेने खाली उतरून इंजिनाच्या पोटातील वंगणात मिसळते. बाहेरून पंप कोरडा ठणठणीत. पण वंगणाची पातळी न घालताच वाढते, त्यास डिझेलचा वास येतो व ते बोटांस पाण्यासारखे लागते. पातळ झालेले वंगण बेअरिंगांचे रक्षण करीत नाही, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच जाळून तोटी बंद केली तरी पळत राहते. ज्या घरी इंजिन आहे तेथील मुलांनी रोज सकाळी काठी काढून ही पातळी पाहण्याचे काम आपल्याकडे घ्यावे, असे आम्ही सुचवितो. बेफाम पळणारे इंजिन थांबविण्यासाठी हवेच्या तोंडावर फळी दाबून धरावी. हात कदापि लावू नये.

हाताचा विषय निघाला म्हणून, पालकांनी पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. चालू इंजिनाची नळी कोठे गळते हे बोटाने चाचपडून पाहण्याची सवय अनेकांस असते. दोनशे किलोग्रॅमच्या दाबाने सुटलेली बारीक धार कातडीतून सुईसारखी आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, प्रथम फारशी दुखतही नाही; परंतु आत गेलेले डिझेल मांसात पसरते, काही तासांत हात सुजतो, आणि उपचारास उशीर झाला तर बोट किंवा हात कापण्याची पाळी येऊ शकते. अशा वेळी हळद लावून सकाळपर्यंत वाट पाहू नये. शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात तत्काळ जावे आणि ‘दाबाची डिझेलची धार आत गेली आहे’ हे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे, नाही तर टोचल्याची किरकोळ जखम समजून मलमपट्टी होण्याचा संभव असतो. धार पाहावयाचीच असेल तर लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तो पुढे धरावा.

विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित. सेकंदास एक थेंब गळतो आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असे धरू. मिनिटास ३ मिलिलिटर, तासास १८०, आठ तासांच्या दिवसास जवळजवळ दीड लिटर. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने तासाला साधारण एक ते सव्वा लिटर डिझेल घेते. म्हणजे ‘थोडेसेच झिरपते’ म्हणून सोडून दिलेला थेंब सहासातवा हिस्सा खाऊन जातो. हेच इंजिन ओढ्याच्या काठी असेल तर ते तेल अखेर कोणाच्या पिण्याच्या पाण्यात जाते, हे सांगावयास नको.

जीप व ट्रॅक्टर ह्यांच्या काही पंपांत मात्र रबराची कडी असतात, आणि तेथे गळतीचे कारण जुळणीहून वेगळे असू शकते. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात दहा लक्ष भागांत जास्तीत जास्त दहा भाग गंधक असलेले डिझेल मिळू लागले. परदेशांत असे शुद्ध डिझेल आले, तेव्हा जुन्या पंपांतील म्हाताऱ्या झालेल्या रबराची कडी आकसून गळती लागल्याचे अनुभव आले होते. अशा पंपाचा स्क्रू कितीही मागेपुढे केला तरी उपयोग नाही. कडीच बदलली पाहिजेत.

उरला प्रश्न जुळणी पूर्ववत् करण्याचा. स्क्रूस हात लावण्यापूर्वी रंगाची खूण करून किती आटे फिरविला ते वहीत लिहिले असेल, तर काम पाच मिनिटांचे आहे. खूण नसेल तर मात्र अंदाजाने फिरवीत बसू नये. पंप कराड किंवा साताऱ्यास ज्या कारागिराकडे पंप तपासण्याचे यंत्र असेल त्याच्याकडे न्यावा, आणि नेताना त्याची सर्व तोंडे स्वच्छ फडक्याने बांधावी. काढलेले पत्रे मोजून तितकेच परत घालावे. पंप बसविल्यावर आतील हवा काढावी लागते. आधी पंपाच्या स्क्रूपाशी बुडबुडे थांबेपर्यंत, मग नॉझलच्या टोकाशी. त्यानंतर इंजिन अर्धा तास भारावर चालवून बंद करावे, थंड होऊ द्यावे, पुसावे, आणि पुन्हा एकदा खडूची पूड टाकून पाहावी.