हप्त्याचा करार आणि घरची मिळकत

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपली वडील माणसे सांगत आली आहेत. उपदेश खराच आहे. परंतु पाय पसरल्यानंतर अंथरूणच आखडले, तर दोष कोणाचा, याचे उत्तर त्या म्हणीत सापडत नाही. हप्त्याने वस्तू घेणाऱ्या कुटुंबापुढे हा प्रश्न पुष्कळदा उभा राहतो. मिळकत घटते, हप्ते थकतात, आणि मग वाद सुरू होतो: हा करार मुळात झेपण्याजोगा होता काय? या वादाचा नीट विचार कसा करावा, ते या लेखात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या परिसराकडे पाहू. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. येथे रत्ने व दागिने यांच्या उद्योगांसाठी खास वसाहत उभी राहिली आहे. सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरास ‘रत्नकलाकार’ असे गौरवाचे नाव आहे. परंतु त्याची मजुरी बहुधा नगावर असते. हिरे जितके हातांखालून जातील, तितके पैसे. 2008 साली जगभर आर्थिक मंदी आली, तेव्हा येथील अनेक कारखाने बंद पडले. ऑगस्ट 2024 मध्ये एका मोठ्या हिरे कंपनीने आपल्या सुमारे 50,000 कामगारांस दहा दिवसांची सुट्टी जाहीर केली. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा या धंद्यास पुन्हा धक्का बसला. सातासमुद्रांपलीकडे अंगठ्यांची मागणी कमी झाली की येथल्या घरातील दुधाचा हिशेब बदलतो. खानदेशातून येऊन सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी जी कापडाच्या धंद्यात आहेत, त्यांनाही तेजीमंदीचा हा अनुभव नवा नाही.

आता करार पाहू. भाडेखरेदीच्या करारात वस्तू आज घरी येते. मात्र शेवटचा हप्ता फिटेपर्यंत तिची मालकी पैसे पुरविणाऱ्याकडे राहते. तोपर्यंत घेणारा हा एका अर्थी भाडेकरू होय. सर्व हप्ते फेडल्यावर वस्तू विकत घेण्याचा हक्क त्यास मिळतो. आज दुचाकीसारखी वाहने बहुधा कर्जाने घेतली जातात. तेथे मालक घेणाराच असतो, पण वाहन तारण असते व तशी नोंद आर. सी. बुकात होते. दोन्ही प्रकारांत हप्ता चुकला की वस्तू जाण्याची भीती सारखीच.

ही भीती ओळखून निरनिराळ्या देशांनी कायदे केले. ब्रिटनमध्ये एलेन विल्किन्सन या महिला खासदारांच्या प्रयत्नाने 1938 साली कायदा झाला. एकतृतीयांश किंमत फेडली गेल्यावर न्यायालयाच्या हुकुमाशिवाय वस्तू ओढून नेता येणार नाही, असे त्याने ठरविले. भारतातही 1972 साली भाडेखरेदीचा कायदा संसदेने संमत केला. परंतु तो कधीच अमलात आला नाही व 2005 साली रद्द झाला. त्यामुळे आपल्याकडे असे करार मुख्यतः 1872 च्या करार कायद्याने व न्यायालयांच्या निर्णयांनी चालतात.

येथे वाचकांनी एक भेद मनात पक्का ठेवावा. वादात दोन प्रश्न असतात, व ते एकमेकांत मिसळले की खरी बाजूही लंगडी पडते. पहिला प्रश्न असा: सही केली त्या दिवशी हप्ता झेपण्याजोगा होता काय? दुसरा असा: त्यानंतर तो झेपेनासा झाला काय? पहिल्यात पैसे देणाऱ्याने पुरेशी चौकशी केली की नाही, हे तपासावे लागते. दुसऱ्यात दोष कोणाचाच नसेल. तेथे सवलत मागावयाची असते. केवळ परिस्थिती कठीण झाली म्हणून करार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अलोपी प्रसाद खटल्यात 1960 साली स्पष्ट केले आहे. “माझी मिळकत घटली, म्हणून करार चुकीचा होता,” हे विधान म्हणून टिकत नाही.

मग पहिला प्रश्न तपासावा कसा? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका रत्नकलाकाराने दुचाकीसाठी 72,000 रुपये घेतले. व्याज सरसकट दरसाल 10 टक्के, मुदत तीन वर्षे. व्याज झाले 21,600 रुपये, एकूण 93,600, म्हणजे 36 हप्ते, प्रत्येकी 2,600 रुपयांचे. मुद्दल दरमहा घटत असता व्याज मात्र पूर्ण रकमेवर आकारले आहे. घटत्या शिलकेवर हिशेब केला, तर हाच दर सुमारे 18 टक्के भरतो. दहा आणि अठरा यांतील हे अंतर सही करण्यापूर्वीच समजले पाहिजे.

आता घरचा जमाखर्च मांडू. चालू महिन्याची मजुरी 22,000 रुपये. घरभाडे 5,500, किराणा व दूध 8,000, मुलांची शाळा व बसभाडे 2,000, वीज व गॅस 1,500, आणि जुन्या कर्जाचा हप्ता 1,800. एकूण खर्च 18,800. शिल्लक 3,200. त्यातून 2,600 चा हप्ता देऊन 600 रुपये उरतात. हिशेब जुळला, असे वाटते.

परंतु थांबा. दिवाळीत हिऱ्यांचे कारखाने साधारणतः तीन आठवडे बंद असतात, व काम पुन्हा सुरळीत होण्यास आणखी काही दिवस जातात. नगावर मजुरी असणाऱ्यास त्या काळात उत्पन्न नाही असे धरले, तर मजुरी अकरा महिन्यांचीच होते: 2,42,000 रुपये. तिला बाराने भागले की दरमहा सुमारे 20,166 येतात. खर्च वजा जाता शिल्लक अवघी 1,366, आणि हप्ता 2,600! म्हणजे मंदी येण्यापूर्वीच, सहीच्या दिवशीच, हा करार झेपणारा नव्हता. पुढे मजुरी 15,000 वर आली, तेव्हा तो फक्त उघडा पडला.

आमच्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. ज्याची मिळकत चढउताराची, त्याची ऐपत महिन्यावर मोजू नये, वर्षावर मोजावी. एका चांगल्या महिन्याचे पत्रक पाहून करार करणारा अधिकारी अपुरी चौकशी करतो, आणि तेच पत्रक पुढे करणारा ग्राहकही स्वतःस फसवितो. ग्राहकाने जुने कर्ज लपविले असेल किंवा मिळकत फुगवून सांगितली असेल, तर त्याची तक्रार दुबळी होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. उलट, त्याने खरे सांगितले असून दुकानातील माणसाने अर्जात मोठा आकडा भरला असेल, तर अर्जाची प्रत हाच मोठा पुरावा होय.

सर्व करारांस लागू पडेल असा ऐपतीचा एकच आकडा आपल्याकडे नाही. तथापि, तारणाशिवाय दिल्या जाणाऱ्या सूक्ष्मकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 2022 पासून मर्यादा घातली आहे: वर्षाला 3 लाख रुपयांपर्यंत मिळकत असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. तसेच 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका व वित्तसंस्थांनी नव्या किरकोळ कर्जाबरोबर मुख्य बाबींचे एक पत्रक द्यावयाचे आहे. त्यात खर्चासह खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. करार ग्राहकास कळणाऱ्या भाषेत असावा, वाहन ताब्यात घेण्यापूर्वी द्यावयाच्या सूचनेची अट त्यात असावी, आणि विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी मिळावी, हेही वित्तसंस्थांस लागू असलेले नियम आहेत. वसुलीसाठी गुंड पाठविणे गैर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली एका बँकेच्या खटल्यात कठोर शब्दांत बजावले.

मिळकत घटली, तर काय करावे? पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच वित्तसंस्थेस लेखी कळवावे. मुदत वाढवून हप्ता लहान करण्याची विनंती करावी, आणि पत्राची पोच घ्यावी. मुदत वाढली की एकूण व्याजही वाढते, हे विसरू नये. 2020 च्या महामारीत 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा मिळाली होती. ती माफी नव्हती, व्याज चालूच होते. मात्र त्या काळात व्याजावर व्याज घेऊ नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 23 मार्च 2021 रोजी दिला.

संस्थेने तक्रारीस 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कर्ज द्यावे की न द्यावे हा संस्थेचा व्यापारी निर्णय लोकपाल तपासत नाही. नियम मोडला असेल, तर मात्र दाद मिळते. म्हणून तक्रारीत “आम्ही गरीब आहोत” एवढेच लिहून भागत नाही. कोणता नियम कोणत्या तारखेस मोडला, ते लिहावे लागते. कराराच्या अटीच अन्याय्य असतील, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राज्य आयोगाचे दार उघडे ठेवले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, वार्षिक सरासरी काढणे तुम्ही गणिताच्या तासाला शिकता. घरात उद्या हप्त्याचा कागद आला, तर बारा महिन्यांचे पासबुक पुढे घेऊन वडिलांशेजारी बसा, सुट्टीचे दिवस मोजा, जुनी देणी मांडा, आणि मग भागाकार करा. शिल्लक हप्त्याहून कमी निघाली, तर सही थांबवावी. वस्तू वर्षभर उशिरा आली, तरी घराचे काही बिघडत नाही. पण न झेपणारा हप्ता आला, तर तो पहिल्यांदा मुलांच्या वह्यापुस्तकांतूनच आपली वाट काढतो.