व्याज वेळेवर मिळते, म्हणून ठेव सुरक्षित असते काय?

घरफोड्यापासून बचाव करण्यासाठी आपण दाराला कुलूप लावतो. परंतु जो सल्लागार म्हणून घरी येतो, चहा घेतो आणि रीतसर पावती देऊन पैसे नेतो, त्याच्यापुढे कुलपाचा काय उपयोग? त्याच्यापासून संरक्षण मिळते ते योग्य प्रश्न वेळीच विचारल्याने. हे प्रश्न कोणते, ते समजून घेण्यास कोलकाता शहरातील दोन प्रकरणे उपयोगी पडतात. त्यांच्यात तेहतीस वर्षांचे अंतर आहे. परंतु दोहोंचा मूळ सांगाडा जवळजवळ एकच आहे.

पहिले प्रकरण ‘संचयिता इन्व्हेस्टमेंट्स’ या भागीदारी पेढीचे. १९७५ मध्ये अवघ्या ७,००० रुपयांच्या भांडवलावर ती सुरू झाली. कागदोपत्री व्याज १२ टक्के दाखवले जाई. प्रत्यक्षात मात्र, फिर्यादीतील आरोपानुसार, वरची रक्कम रोखीने देऊन ते ४८ टक्क्यांपर्यंत पोहोचवले जात होते. व्याज ठरल्या दिवशी हाती पडे. त्यामुळे नोकरदार, व्यापारी, निवृत्त लोक असे नाना थरांतील ठेवीदार तिच्याकडे वळले. डिसेंबर १९८० मध्ये राज्य सरकारने धाडी घातल्या आणि व्यवहार ठप्प झाले.

येथे थोडे अंकगणित करणे आवश्यक आहे. समजा, एका गृहस्थाने १,००० रुपये ठेवले. ४८ टक्के दराने त्याला दरमहा ४० रुपये मिळतील. आता पेढीने ती रक्कम कोणत्याही धंद्यात न गुंतवता नुसती तिजोरीत ठेवली, तरी त्याच १,००० रुपयांतून तिला पंचवीस महिने बिनचूक व्याज देता येईल. म्हणजे दोन वर्षे त्या गृहस्थाला जे मिळत होते, ते त्याचेच पैसे होते. या काळात त्याचा विश्वास दृढ होतो. तो आपल्या मेहुण्याला आणि शेजाऱ्याला पेढीची शिफारस करतो. त्यांच्या ठेवी येतात आणि जुन्या ठेवीदारांचे व्याज त्यांतून भागते. नव्या ठेवींचा ओघ आटला की सारा डोलारा कोसळतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९२० साली चार्ल्स पाँझी याने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे वचन देऊन हाच खेळ केला होता. तेव्हा ध्यानात ठेवावयाचे ते हे, की व्याजाचा दर जितका अवाजवी, तितका वक्तशीरपणाचा पुरावा कुचकामी.

दुसरे प्रकरण शारदा समूहाचे. सहल, हॉटेलातील आगाऊ आरक्षण, जमीन, घरबांधणी अशा निरनिराळ्या नावांखाली या समूहाने लोकांकडून पैसे गोळा केले. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि नामवंत फुटबॉल संघांना दिलेले आर्थिक साहाय्य यांमुळे त्याचे नाव घरोघरी पोहोचले. एप्रिल २०१३ मध्ये तो कोसळला आणि त्याचे प्रमुख सुदीप्त सेन यांना काश्मीरमध्ये अटक झाली. ठेवीदारांची संख्या लाखांच्या घरात होती. त्यांत खेड्यापाड्यांतील अल्प उत्पन्नाची कुटुंबे मोठ्या प्रमाणावर होती. पैसे गोळा करणारे दलाल गावातलेच, ओळखीचे होते. त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःची आणि नातलगांची पुंजीही त्यातच घातली होती. दलाल प्रामाणिक असला म्हणजे योजना प्रामाणिक ठरत नाही, हा यातील सर्वांत कटू धडा होय.

लोक या कंपन्यांना सरसकट ‘चिट फंड’ म्हणू लागले. पण ते बरोबर नाही. आपल्याकडील भिशीसारखाच सभासदांनी आळीपाळीने रक्कम उचलण्याचा हा व्यवहार असून, १९८२ च्या कायद्याखाली नोंदलेला चिट फंड वैध असतो.

कायद्यावर विसंबून राहावे काय? संचयिता प्रकरणी सरकारने १९७८ च्या कायद्याचा आधार घेतला होता. त्या कायद्याचा रोख नवे सभासद भरती करण्यावर अवलंबून असणाऱ्या कमाईवर होता. संचयिता देत होती ते व्याज. त्यामुळे हा कायदा येथे लागू होत नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८२ मध्ये फिर्याद रद्द केली. त्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड. पुढे शारदा प्रकरणानंतर राज्य सरकारने ५०० कोटी रुपयांचा मदत निधी जाहीर केला आणि त्यासाठी तंबाखूवरील कर वाढवला; म्हणजे भरपाईचा भार जनतेवरच आला. अनियंत्रित ठेव योजनांवर सरसकट बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला तो २०१९ मध्ये. कायदा येतो, परंतु बहुधा पैसे गेल्यानंतर.

यास्तव पैसे देण्यापूर्वी सामान्य माणसाने चार प्रश्न विचारावेत.

पहिला : हा नफा कोणत्या धंद्यातून येणार? बँका जेथे एवढे व्याज देऊ शकत नाहीत, तेथे ही संस्था ते कसे देते, याचे उत्तर साध्या शब्दांत मिळाले पाहिजे.

दुसरा : ठेवी घेण्याची परवानगी कोणी दिली? कंपनीच्या नोंदणीचे प्रमाणपत्र म्हणजे ठेवी स्वीकारण्याचा परवाना नव्हे. पहिले जन्मदाखल्यासारखे असते. त्यावरून चारित्र्य कळत नाही. परवाना रिझर्व्ह बँकेचा, सेबीचा की अन्य नियामकाचा, हे विचारावे आणि त्या नियामकाकडेच पडताळून पाहावे.

तिसरा : सल्ला देणाऱ्याला यात काय मिळते? ज्याला आपल्या ठेवीवर दलाली मिळते तो विक्रेता आहे. त्याला तज्ज्ञ समजू नये.

चौथा : संस्था बुडाल्यास काय? विमा असलेल्या बँकेत प्रत्येक ठेवीदाराला, व्याजासह, पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. खाजगी योजनांच्या पावतीमागे असे काहीही नसते.

हे प्रश्न विचारणे म्हणजे समोरच्याचा अपमान करणे, असे पुष्कळांना वाटते. विशेषतः समोरचा माणूस नात्यातला असेल तर. हा संकोचच लबाडांचे खरे भांडवल असतो. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. जिला तो येतो, तिने आपले उत्तर दिलेलेच असते.