स्मृतीची वाटणी आणि बसवरील पत्ते

धुलाई यंत्र, विजेचा इलेक्ट्रॉनिक मीटर, रुग्णाच्या हृदयाची गती दाखविणारे उपकरण, या सर्वांच्या पोटात एक छोटा संगणक दडलेला असतो. त्याला बहुधा कळफलक नसतो आणि त्याच्यापाशी कोणी माणूस बसलेला नसतो. प्रक्रियक, स्मृती आणि इतर चिपा ज्या पाटीवर जडविलेल्या असतात तिला बोर्ड म्हणतात. वीज सुरू होते त्या क्षणी या बोर्डाला स्वतःविषयी फारच थोडे ठाऊक असते. आपल्याजवळ स्मृती किती आहे, तिच्या कोणत्या भागात काय ठेवले आहे, कोणती चिप कोणत्या तारांना जोडली आहे, हे सर्व कोणीतरी आधीच लिहून ठेवावे लागते. या कामाला आपण येथे ‘मांडणी’ असे म्हणू. मांडणी चुकली, तर सर्व भाग निर्दोष असूनही यंत्र निकामी ठरू शकते.

प्रथम स्मृतीचा विचार करू. वीज गेली तरी मजकूर टिकवून ठेवणारी फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या प्रत्येक सूक्ष्म ट्रान्झिस्टरमध्ये निरोधक थरांनी वेढलेला एक कप्पा असतो. त्यात विद्युतभार कोंडला की शून्य आणि तो काढून घेतला की एक, अशी नोंद सर्वसाधारणपणे होते. मात्र येथे एक विलक्षण बंधन आहे. एकाचे शून्य करावयाचे असेल, तर ते सुट्या नोंदीपुरते करता येते. परंतु शून्याचे पुन्हा एक करावयाचे असेल, तर संपूर्ण खंड पुसावा लागतो. एक अक्षर चुकले म्हणून सगळी पाटी पुसावी, तसाच हा प्रकार होय. शिवाय हे पुसणे अमर्याद वेळा करता येत नाही. अनेक चिपांच्या बाबतीत ही मर्यादा खंडागणिक सुमारे एक लाख वेळा इतकी असते.

या बंधनातूनच वाटणीचा पहिला नियम निघतो. समजा, चिपेची क्षमता १६ मेगाबाइट असून तिचा प्रत्येक खंड ६४ किलोबाइटचा आहे. म्हणजे एकूण २५६ खंड झाले. त्यांपैकी पहिले ८ खंड, म्हणजे ५१२ किलोबाइट, यंत्र जागे करणाऱ्या प्रारंभिक आज्ञावलीसाठी राखले. पुढचा एक खंड तिच्या सेटिंगसाठी दिला. आणि उरलेले खंड मुख्य आज्ञावली व रोजच्या नोंदी यांत वाटले. येथे प्रत्येक विभागाची सीमा खंडाच्या सीमेवरच पडली पाहिजे. ती खंडाच्या मध्यावर पडली, तर नोंदी पुसताना शेजारच्या आज्ञावलीचा तुकडाही पुसला जाईल, आणि पुढच्या वेळी यंत्र जागेच होणार नाही.

आता बसकडे वळू. बस म्हणजे अनेक चिपांनी मिळून वापरावयाचा तारांचा सामाईक मार्ग. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये विकसित केलेल्या आय-टू-सी या बसमध्ये संकेतांसाठी दोनच तारा असतात. प्रत्येक चिपेला सात बिटांचा पत्ता असतो. असे पत्ते १२८ होतात. त्यांपैकी १६ राखीव असल्यामुळे ११२ उरतात. एवढे पत्ते पुरेसे वाटतात. तथापि ते चिपा बनविणाऱ्यांनीच बहुतांशी ठरवून टाकलेले असतात. वेळ राखणारी डीएस-१३०७ आणि हालचाल मोजणारी एमपीयू-६०५० या दोन्ही चिपांचा मूळ पत्ता १०४ हाच आहे. एका घरात एकाच नावाची दोन मुले असावीत आणि हाक मारताच दोघांनीही ओ द्यावी, तशी स्थिती होते. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या चिपेची एक विशिष्ट तार उच्च विद्युतदाबाला जोडून तिचा पत्ता १०५ करणे.

यूएसबीसारख्या मार्गावर जोडलेले साधन विचारणा होताच आपली ओळख सांगते. आय-टू-सीवर अशी सर्वसाधारण सोय नाही. एखाद्या पत्त्यावर कोणीतरी आहे एवढेच कळते. ते कोण, हे निश्चितपणे कळत नाही. म्हणून बोर्डावरील चिपांची एक वंशावळीसारखी यादी लिहावी लागते. लिनक्स प्रणालीत तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. कोणत्या बसवर, कोणत्या पत्त्यावर, कोणते साधन आहे, आणि फ्लॅशचा कोणता विभाग कोठून कोठपर्यंत आहे, हे सारे त्या यादीत असते.

परंतु अचूक यादी आणि नेमकी वाटणी एवढ्यानेच काम भागत नाही. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘स्पिरिट’ या अमेरिकन फिरत्या यानाचा अनुभव हेच शिकवितो. त्याच्या संगणकात २५६ मेगाबाइट फ्लॅश आणि १२८ मेगाबाइट तात्पुरती स्मृती होती. २१ जानेवारीला, म्हणजे उतरल्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, त्याचा नेहमीचा संपर्क तुटला. प्रवासकाळापासून फ्लॅशमध्ये असंख्य फाइली साचल्या होत्या, आणि त्यांची सूची जागे होताना तात्पुरत्या स्मृतीत उतरवून घ्यावी लागे. सूची इतकी वाढली की तिला जागा पुरेना. संगणक थांबे, पुन्हा सुरू होई आणि पुन्हा त्याच पायरीवर अडखळे. असे साठांहून अधिक वेळा घडले. यान रात्रीही झोपेना आणि त्याची विजेरी उतरू लागली.

कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या यंत्राला हात लावणे शक्य नव्हते. तथापि रचनाकारांनी एक वाट राखून ठेवली होती: फ्लॅशला स्पर्श न करता, केवळ तात्पुरत्या स्मृतीच्या आधारे जागे होण्याची. तशी आज्ञा पृथ्वीवरून पाठविण्यात आली आणि हे चक्र थांबले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश पुसून नव्याने मांडण्यात आली. नव्वद मंगळदिवसांसाठी योजलेल्या या यानाचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला.

या घटनेतून मिळणारा बोध कोणत्याही साध्या बोर्डाला लागू पडतो. खंडांच्या सीमा पाळाव्यात, पत्ते तपासून यादी करावी. पण त्याबरोबरच ही यादी किंवा ही स्मृती उद्या दगा देईल, असे गृहीत धरून जागे होण्याची दुसरी वाट शिल्लक ठेवावी. प्रारंभिक आज्ञावलीच्या विभागावर रोजचे लेखन होऊ देऊ नये, आणि मुख्य आज्ञावली बदलताना नवी प्रत नीट चालल्याची खात्री होईपर्यंत जुनी पुसू नये. जेथे यंत्राजवळ कोणी माणूस नसतो, तेथे ही दूरदृष्टीच माणसाच्या हाताचे काम करते.