कमी दराची निविदा आणि तीनदा पडलेली भिंत

विनयपिटकातील चुल्लवग्गात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची कथा येते. भिक्खुसंघासाठी विहार बांधावा या इच्छेने त्याने स्वतःच चिखल मळला, विटा रचल्या आणि भिंत उभी केली. बांधकामाची माहिती नसल्याने ती कलली व कोसळली. असे तीनदा झाले. दान देणाऱ्यांनाच भिक्खू मार्गदर्शन करतात, मला कोणी काही सांगत नाही, अशी तक्रार त्याने केली. ती भगवंतांच्या कानी गेल्यावर बांधकामावर देखरेख करणारा भिक्खू नेमण्याची अनुज्ञा मिळाली. त्यालाच 'नवकम्मिक' म्हणत. काम लवकर पुरे व्हावे आणि मोडतोड दुरुस्त व्हावी, ही त्याची जबाबदारी होती.

ही कथा आम्ही अनेकदा सांगितली होती. परंतु तिचा अर्थ वसतिगृहाच्या बांधकामात उमगला. तीन निविदा आल्या. त्यांपैकी एक इतरांपेक्षा जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी होती. धम्मदानाचा पैसा वाचला, या आनंदात आम्ही ती स्वीकारली. प्रत्येक बाबीचा दर कसा धरला हे विचारले नाही, त्या कंत्राटदाराचे पूर्वीचे काम पाहिले नाही. कार्यारंभ आदेश दिला तो मार्चअखेरीस. जूनमध्ये मावळचा पाऊस सुरू झाला, पायाचे खड्डे पाण्याने भरले आणि सेंट्रिंगचे सामान दिवाळीपर्यंत भिजत राहिले. पुढे पहिला स्लॅब पडताच उचल घेऊन कंत्राटदार निघून गेला. मुले दोन वर्षे वर्गखोल्यांत झोपली. दोष त्याचा होताच. परंतु त्याला मोजमापाविना पैसे देणारे आम्हीच होतो.

सोमाटण्याजवळून जाणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर मागविलेल्या निविदांत एका मोठ्या उद्योगसमूहाची सुमारे ३,६०० कोटी रुपयांची निविदा आली. शासनाने ती अवाजवी मानून नाकारली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे काम सोपविण्यात आले. एकच प्रचंड कंत्राट न देता कामाचे भाग पाडले गेले आणि १ जानेवारी १९९८ रोजी चार कंत्राटदारांना कार्यारंभ आदेश मिळाले. सुमारे ९४ किलोमीटरचा हा मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. खर्च आला सुमारे १,६०० कोटी. तिथे निविदा फार मोठी होती, आमच्याकडे फार लहान. ज्याच्या हाती स्वतःचे अंदाजपत्रक असते, त्यालाच दोन्ही ओळखता येतात. सार्वजनिक बांधकाम विभाग उगीच दरसूची ठेवत नाही, आणि फार कमी दराच्या निविदेवर जादा सुरक्षा ठेवही उगीच घेत नाही.

भोजनगृहाच्या वेळी आम्ही आधी अंदाजपत्रक करवून घेतले. खोदाई, काँक्रीट, लोखंड, वीटकाम, गिलावा अशा प्रत्येक बाबीचे परिमाण लिहून मगच दर मागविले. पायाचे काम दसऱ्यानंतर काढले व छत मेअखेर पुरे करण्याचे ठरले. दर शनिवारी ठरलेले काम आणि झालेले काम शेजारी शेजारी मांडले जाई. डिसेंबरात लोखंड वेळेवर न आल्याने नऊ दिवसांची तूट दिसली. ती तेव्हाच दिसल्यामुळे गवंड्यांची दुसरी टोळी लावून भरून काढता आली. प्रत्येक देयक मोजमाप पुस्तिकेवरूनच दिले आणि त्यातली थोडी रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवली. त्या पावसाळ्यात छत एका कोपऱ्यात झिरपले. कंत्राटदार बोलावताच आला!

आमचे काही माजी विद्यार्थी आज स्वतः निविदा भरतात. शासकीय लहान कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी वाटा राखलेला असतो, तो त्यांनी अवश्य घ्यावा. मात्र काम मिळावे म्हणून मजुरी व पाणी मारण्याचा खर्च दरातून गाळू नये. भोजनगृहाची मोजमाप पुस्तिका कार्यालयात ठेवली आहे. कोणीही मागून पाहावी.