पिशवी फोडण्याआधी

मृग जवळ आला की आमच्या मराठवाड्यात कृषी सेवा केंद्रापुढं गर्दी होते. फळीवर सोयाबीनच्या ढीगभर कंपन्या असतात. पण बहुतेकांची उधारी एकाच दुकानात, त्यामुळं दुकानदार पुढं करील ती पिशवी घ्यायची. जिच्यावर त्याला जादा पैसे सुटतात ती पिशवी तो पुढं करतो. कंपन्यांची चढाओढ दुकानदाराला खूश करण्यात संपते. दाण्याचा कस पेरल्यावरच कळतो.

2020 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भातून सोयाबीन उगवलं नसल्याच्या हजारो तक्रारी झाल्या, त्यात आम्ही दोघं भाऊही होतो. तासंच्या तासं मोकळी. दुकानदार म्हणाला, पेर खोल गेली. शेजारच्या धुऱ्यापलीकडं त्याच पावसावर घरचं बियाणं तरारून आलं होतं! पंचनाम्याला समिती आली आणि तिनं बिल, टॅग, लॉट नंबर मागितला. भावाकडं पक्कं बिल होतं, त्याची तक्रार पुढं सरकली. मला दुकानानं दिलेल्या चिठ्ठीवर लॉट नंबरच नव्हता. दुबार पेरणीचा खर्च मात्र दोघांनाही सारखाच आला.

म्हणून पिशवी फोडाल तर टॅग शाबूत ठेवून खालच्या बाजूनं फोडा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि चार-पाच दिवसांनी मोजा. सत्तर उगवायलाच हवेत, सोयाबीनसाठी तेच किमान प्रमाण ठरलेलं आहे. मूठभर बी, पिशवी आणि बिल सुगी होईपर्यंत जपा. उगवण फसली तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये सांगितलं आहे. ग्राहक आयोगाचं दार आपल्याला उघडं आहे.

खताचंही तेच. 45 किलो युरियाच्या गोणीवर 266.50 रुपये छापलेले असतात, तरी सोबत नको ती बाटली गळ्यात मारतात. ही जबरदस्ती नियमात बसत नाही. विक्रीच्या मशीनवर निघालेली पावती मागा.

बियाण्याचं म्हणाल तर सोयाबीन स्वपरागी पीक आहे, चांगल्या वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. हातात स्वतःचं बी असलेल्या शेतकऱ्याला कुणाची पिशवी घ्यावीच लागत नाही. तेव्हा यंदा सगळा माल मार्केट यार्डात नेऊ नका. पुढच्या पेऱ्यापुरतं बी निवडून, वाळवून, कोरड्या जागी राखून ठेवा.