हाताचा अंदाज आणि टॉर्कचा आकडा

रायफलीवरची दुर्बीण सहसा दोन रिंगांमध्ये धरलेली असते आणि त्या रिंगांमधलं अंतर साधारण दहा सेंटिमीटर असतं. यातली एक रिंग एका बाजूला फक्त 0.1 मिलिमीटर सरकली, तर शंभर मीटरवरच्या लक्ष्यावर नेम दहा सेंटिमीटर चुकतो. डोळ्याला न दिसणारी आणि बोटाला न जाणवणारी ही हालचाल थांबवण्याचं काम काही बारीक स्क्रूंवर सोपवलेलं असतं. ते किती आवळायचे, हे मात्र बहुतेक जण हाताच्या अंदाजावर ठरवतात.

टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी अभियंत्याने तेच केलं. त्याची रायफल .308 ची होती, दुर्बीण उत्तम होती आणि रिंगा ॲल्युमिनियमच्या. ॲलन कीने त्याने सगळे स्क्रू ‘घट्ट वाटेपर्यंत’ आवळले. पहिल्या दिवशी गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या. पुढच्या वेळी सगळा गट वर सरकला होता. त्याने दुर्बिणीची चकती फिरवून तो जागेवर आणला, तर त्यानंतर तो उजवीकडे गेला. मग काडतुसांची कंपनी बदलून झाली, नळी साफ करून झाली, श्वास आणि ट्रिगरवरचं बोट यांचा नव्याने सराव झाला. शेवटी रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजाने रिंगेच्या कडेला नीट पाहिलं. दुर्बिणीच्या काळ्या नळीवर घसटल्याची ताजी, चमकदार रेघ होती. प्रत्येक बाराला दुर्बीण थोडी थोडी पुढे सरकत होती.

त्याने घरी जाऊन सगळे स्क्रू जीव खाऊन आवळले. आता दुर्बीण हलेना, पण तिची पॅरॅलॅक्सची, म्हणजे लक्ष्याच्या अंतरानुसार प्रतिमा जुळवणारी, चकतीही धड फिरेना. रिंगा काढल्यावर नळीवर दोन चेपलेले पट्टे दिसले. ढिलं आवळल्याने जेवढं नुकसान झालं नव्हतं, तेवढं अति आवळल्याने झालं.

दुर्बिणीची बाहेरची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते आणि तिच्या आत भिंगं धरणारी दुसरी हलती नळी असते. नेम वर-खाली, डावी-उजवीकडे करताना ती आतली नळी सरकते. बाहेरची नळी चेपली, की आतल्या हालचालीला अडथळा होतो. चकतीचा ‘टक’ आवाज ऐकू येतो, पण नेम तेवढा बदलत नाही.

स्क्रू ढिला का होतो, यालाही ठोस कारण आहे. गोळी सुटताच रायफल मागे उसळते आणि दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते. तिला रायफलीबरोबर खेचून नेतं ते रिंगेच्या पकडीतलं घर्षण. पकड कमी पडली की दोन पृष्ठभाग एकमेकांवर आडवे घसरतात. जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर यांनी 1969 मध्ये दाखवून दिलं, की स्क्रूला सुटायला लावतात ते मुख्यतः असे आडवे हिसके. स्क्रूमध्ये पुरेसा ताण असेल तर घसरण होत नाही आणि घसरण नसेल तर स्क्रू सहसा फिरत नाही. म्हणून सारा भर सुरुवातीच्या योग्य ताणावर हवा.

हा ताण हाताला कळत नाही. स्क्रू फिरवताना लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने नव्वद टक्के जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष पकडीला उरतात जेमतेम दहा टक्के. आट्यांना थोडं तेल लागलेलं असेल तर घर्षण घटतं, आणि तेवढाच जोर लावूनही स्क्रू कितीतरी जास्त ताणला जातो. रिंगेच्या वरच्या झाकणाच्या स्क्रूंसाठी अनेक उत्पादक 15 ते 18 इंच-पाउंड, म्हणजे साधारण 1.7 ते 2 न्यूटन-मीटर टॉर्क सांगतात. तीन इंच लांबीच्या ॲलन कीच्या टोकावर जेमतेम पावणेतीन किलोचा जोर दिला, की 18 इंच-पाउंड भरतात. मनगटाला हा जोर फारच कमी वाटतो आणि तिथेच हात पुढे जातो. रायफलीवरच्या खाचांच्या पट्टीवर, म्हणजे रेलवर, रिंग धरणाऱ्या आडव्या बोल्टला मात्र बनावटीनुसार 30 ते 65 इंच-पाउंडही लागतात. एकाच रायफलीवर इतका फरक असताना सगळीकडे एकच ‘घट्ट’ चालणार कसं?

त्यामुळे पहिली खरेदी इंच-पाउंडात मोजणाऱ्या छोट्या टॉर्क ड्रायव्हरची हवी. गॅरेजमधला मोठा टॉर्क रेंच इतक्या कमी जोरासाठी उपयोगाचा नाही. आकडा नेहमी त्या रिंगेच्या आणि दुर्बिणीच्या माहितीपत्रकातून घ्यावा. दोन्हींत फरक असेल तर कमी आकडा पाळावा.

काम सुरू करण्याआधी मॅगझिन काढून चेंबर रिकामं असल्याची खात्री करावी. रेल, रिंगा आणि आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेल काढावं. रिंगेचा आडवा बोल्ट रेलच्या खाचेत बसवल्यावर रिंग नळीच्या तोंडाच्या दिशेने पुढे रेटून धरावी आणि मगच आवळावी. धक्क्याच्या वेळी ती ज्या कडेवर दाबली जाते, त्या कडेला ती आधीच टेकलेली राहते. नंतर दुर्बीण ठेवून डोळ्याचं अंतर आणि आडवी-उभी रेघ जुळवावी. झाकणाचे स्क्रू मोटारीच्या चाकाच्या नटांसारखे आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी. एक बाजू आधी आवळली की जुळवलेली रेघ तिरकी होते. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू न देणारा गोंद, रेल रायफलीला धरणाऱ्या स्क्रूंना लावतात, पण झाकणाच्या स्क्रूंना ते टाळावं. ओलं असताना ते वंगणाचं काम करतं आणि टॉर्कचा आकडा फसवा ठरतो.

आकडा बरोबर असून स्क्रूच चुकीचा असेल तर काय होतं, याचं भयंकर उदाहरण विमानांच्या इतिहासात आहे. 10 जून 1990 रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या 5390 क्रमांकाच्या विमानाची पुढची काच सुमारे 17,300 फुटांवर उडाली आणि कॅप्टन अर्धे बाहेर खेचले गेले. काच आदल्या दिवशीच बदलली होती. तिच्या 90 बोल्टपैकी 84 ठरलेल्यापेक्षा बारीक व्यासाचे होते, कारण ते जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले होते. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि सगळे वाचले. रिंगेचा हरवलेला स्क्रू डब्यातल्या ‘तसाच दिसणाऱ्या’ स्क्रूने बदलू नये, तो त्याच बनावटीचा मागवावा.

महाराष्ट्रात अनेकांकडे स्प्रिंगची एअर रायफल असते. तिला धक्का कमी, म्हणून स्क्रूंकडे दुर्लक्ष होतं. प्रत्यक्षात तिचा जड पिस्टन पुढे धावताना रायफल मागे जाते आणि पिस्टन थांबताना ती पुढे हिसकते. दोन्ही दिशांचे हे हिसके दुर्बिणीला फार कठीण जातात. तिथे रिंगेमागे रोधक खीळ किंवा ब्लॉक लावावा आणि दुर्बीणही स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनवलेलीच घ्यावी.

दुर्बीण नसली तरी हिशेब तोच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. त्या प्रकारात दुर्बिणीला परवानगी नसते, छिद्राच्या साइट वापरतात. दोन साइटमध्ये 75 सेंटिमीटर अंतर धरलं, तर मागची साइट 0.1 मिलिमीटर हलल्यावर पन्नास मीटरवर गोळी साडेसहा मिलिमीटरहून जास्त सरकते. दहा गुणांच्या वर्तुळाचा एकूण व्यास आहे 10.4 मिलिमीटर.

सगळं आवळून झालं, की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगेपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. दुर्बिणीची नळी रिंगेतून जिथे बाहेर येते, तिथेही अशीच खूण करावी. टॉर्कचे आकडे आणि तारीख वहीत लिहावी. वीसेक बार झाल्यावर रेघा तपासाव्यात. त्या जुळत असतील तर स्क्रूंना हात लावू नये, कारण दर वेळी ‘थोडंसं आणखी’ आवळल्याने नळी चेपते. रेघ तुटलेली दिसली तर मात्र नुसतं पुन्हा आवळून भागत नाही. रिंग उघडून, पुसून, त्याच आकड्यावर पुन्हा बसवावी आणि कागदावर बार टाकून झिरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम, नव्याने जुळवावा.