गल्ली न सोडता पक्के घर

प्रश्न : आमच्या वस्तीत पत्र्याची घरे आहेत. लांबच्या इमारतीत न जाता आहे तिथेच पक्के घर बांधता येईल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : येईल, मात्र एकेकट्याने नव्हे, गल्लीने मिळून. पुण्यातल्या येरवड्यात हे घडले आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात तिथल्या कच्च्या घरांच्या जागी सुमारे 270 चौरस फुटांची पक्की घरे झाली. बहुतेक खर्च सरकारी होता, कुटुंबाचा वाटा साधारण 10 टक्के. वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी घरांचे नमुने केले आणि 'महिला मिलन' या महिला बचत गटांच्या संघटनेतल्या बायकांनी घरोघरी बोलणी करून लोकांना सोबत घेतले. शेजार टिकला, रोजगारही दुरावला नाही.

तुम्ही आधी बचत गट सुरू करा. घराघराची मोजणी करा, रेशनकार्ड आणि वीजबिले एकत्र ठेवा. मग मोकळ्या जागेत चुन्याने घर आखून आत उभे राहा : ओटा, मोरी, आजीचे अंथरूण बसते का, ते पाहा. जे बसत नाही, ते बांधकामाआधीच बदलून घ्या.

एकट्या राहणाऱ्या विधवेचे, अपंगाचे नाव मागे पडू देऊ नका. यादी त्यांच्यापासूनच सुरू करा.